डीएनएची डागडुजी आणि कर्करोग

‘कर्करोग कशामुळे होतो?’ असा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारला, तर पाच-सहा उत्तरे एकदमच येतात. तंबाखूमुळे, क्ष-किरणांमुळे, रसायनांमुळे, आनुवंशिकतेमुळे, विषाणूंमुळे. गोऱ्या कातडीच्या लोकांना कडक उन्हामुळे त्वचेचा कर्करोग होतो, हेही एखाद्या विद्यार्थ्याने वाचलेले असते. ही सारी उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु ती एकापुढे एक मांडली की चमत्कारिक वाटू लागतात. विडीचा धूर, क्ष-किरण आणि आजीकडून आलेला वारसा यांच्यात समान असे काय आहे? इतकी वेगवेगळी कारणे शेवटी एकाच प्रकारच्या रोगाकडे कशी पोचतात?

या प्रश्नाचे उत्तर डीएनएच्या रेणूत आहे हे आज आपण पाठ्यपुस्तकातून शिकवतो. ते उत्तर हाती कसे आले, ही गोष्ट मात्र पुस्तकात सहसा नसते. तिच्यात एक गमतीचा भाग आहे. कर्करोगाचा अभ्यास करणारे लोक दीडशे वर्षे कारणे गोळा करत राहिले; ती कारणे एकत्र बांधणारा धागा मात्र जिवाणूंवर काम करणाऱ्या, कर्करोगाशी काहीही संबंध नसलेल्या लोकांना सापडला. आणि माणसाच्या बाबतीत हा संबंध खरा आहे याचा पहिला भक्कम पुरावा दिला तो लाखांत एखाद्याला होणाऱ्या एका आजाराने.

काजळी, डांबर आणि फळमाश्या

१७७५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या कामगारांत वृषणकोशाचा कर्करोग विशेष प्रमाणात आढळतो असे नोंदवले. ही मुले लहानपणापासून अरुंद धुराड्यांत चढत, आणि काजळी त्यांच्या कातडीच्या घड्यांत साचून राही. बाहेरच्या एखाद्या पदार्थामुळे कर्करोग होऊ शकतो, असे स्पष्टपणे मांडणारी ही पहिल्या काही निरीक्षणांपैकी एक. पुढे १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले, आणि काही वर्षांतच ते हाताळणाऱ्यांच्या हातांवर बऱ्या न होणाऱ्या जखमा व कर्करोग दिसू लागले. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ साली अशाच आजाराने मरण पावले. १९१५ मध्ये टोकियोत यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने कोळशाचे डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. त्या डांबरात नेमके काय आहे हे शोधायला लंडनमध्ये केनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन टन डांबर उपसले आणि १९३३ मध्ये त्यातून बेन्झोपायरीन हा पदार्थ वेगळा काढला. तंबाखूच्या धुरातही तोच असतो.

हे झाले कारणांचे. पेशीच्या आत काय घडते याबद्दल एकच माणूस काही ठाम बोलत होता. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री साळूच्या (सी-अर्चिन नावाच्या काटेरी सागरी प्राण्याच्या) अंड्यांवर प्रयोग करताना पाहिले होते, की गुणसूत्रांची वाटणी चुकली तर गर्भाची वाढ भलतीकडेच जाते. यावरून १९१४ साली त्यांनी असा तर्क केला, की कर्करोगाची गाठ ही गुणसूत्रांत बिघाड झालेल्या एकाच पेशीची संतती असावी. स्वतः बोव्हेरींनी कर्करोगावर एकही प्रयोग केलेला नव्हता. पुढच्याच वर्षी ते वारले.

त्यानंतर १९२७ साली हर्मन मुलर यांनी दाखवले, की क्ष-किरणांचा मारा केला तर फळमाशीत उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतील कायमचे बदल, कित्येक पटींनी वाढतात. एडिंबरोत शार्लोट आउअरबाख आणि रॉबसन यांना युद्धकाळात मस्टर्ड वायूचाही तोच परिणाम दिसला. युद्धाच्या गोपनीयतेमुळे तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यामुळे कर्करोग होतो त्यांच्यामुळेच उत्परिवर्तने होतात, असा सूर आता उमटू लागला होता.

पण तो सर्वमान्य नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. १९११ मध्ये पेटन राऊस यांनी कोंबड्यांत विषाणूमुळे कर्करोग होतो हे दाखवले होते, आणि विषाणूवाद्यांचा पक्ष चांगलाच बळकट होता. शिवाय उत्परिवर्तनवाद्यांची एक मोठी अडचण होती. डांबरातून काढलेले ते कुप्रसिद्ध पदार्थ जिवाणूंना किंवा माश्यांना दिले, तर उत्परिवर्तने फारशी वाढतच नसत. पुरावा असा दोन्हीकडे झुकत होता. विज्ञानाचा इतिहास शिकवताना आपण अनेकदा जिंकलेल्या मताचीच वंशावळ सांगतो, आणि मग १९५० साली एखादा हुशार माणूस दुसऱ्या पक्षात का होता हे विद्यार्थ्यांना कळत नाही.

खिडकीजवळचे पात्र

आता या सगळ्यापासून पूर्णपणे वेगळ्या जागी जाऊ. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे अल्बर्ट केल्नर हे संशोधक नवी प्रतिजैविके शोधत होते. ज्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळते त्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसच्या बीजाणूंवर ते अतिनील किरण सोडत. बहुतेक बीजाणू मरत. जे वाचत त्यांतून एखादे उपयोगी उत्परिवर्तन मिळेल अशी आशा होती. काम सरळ होते, पण आकडे जुळत नव्हते. किरणांची मात्रा तीच, बीजाणू तेच, तरी कधी मूठभर वाचत तर कधी कितीतरी पटींनी जास्त. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही हा छळ ठाऊक असतो.

केल्नर यांना आधी तापमानाचा संशय आला. मारा केल्यानंतर बीजाणू कोणत्या तापमानाला ठेवले यावर त्यांचे जगणे अवलंबून असावे, असे समजून त्यांनी वेगवेगळ्या तापमानांना ते ठेवून पाहिले. तरीही गोंधळ कायम. शेवटी ध्यानात आले, की पात्रे जिथे ठेवली होती तिथे खिडकीतून उजेड येत होता. काही पात्रांवर तो पडत होता, काहींवर नाही. अंधारात ठेवलेले बीजाणू मरत आणि उजेडात ठेवलेले जगत. मुद्दाम प्रखर प्रकाश टाकल्यावर वाचणाऱ्यांची संख्या लाखाहून अधिक पटींनी वाढली. हे त्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी इंडियाना विद्यापीठात रेनाटो डल्बेको यांनाही असेच काहीसे दिसले. ते जिवाणूभक्षी विषाणूंवर काम करत. एकावर एक रचलेल्या काचेच्या तबकड्यांपैकी नळीदिव्याच्या जवळच्या, म्हणजे वरच्या, तबकड्यांत किरणांनी मारलेले विषाणू पुन्हा जिवंत होत होते. पण विषाणू जिवाणूच्या आत शिरलेला असेल तरच. नुसत्या विषाणूवर कितीही प्रकाश टाकला तरी काही होत नसे. याचा अर्थ दुरुस्त करणारे काहीतरी जिवंत पेशीत होते. प्रकाश त्याला फक्त चालना देत होता. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनली रुपर्ट आणि सहकाऱ्यांनी पेशी फोडून काढलेल्या रसातही हे काम होते असे दाखवले. म्हणजे तो एक विकर होता, आपण ज्याला एन्झाइम म्हणतो तो.

मध्यंतरी १९५३ साली डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना उलगडली होती. त्या रचनेवरून नक्कल कशी होत असेल हे वॉटसन आणि क्रिक यांना लगेच सुचले. दुरुस्तीचा विचार मात्र त्यांच्या मनाला शिवला नाही. क्रिक यांनी वीस वर्षांनंतर हे मोकळेपणाने लिहिलेही. दोष एकट्या त्यांचा नाही. वारसा वाहणारा रेणू भक्कमच असणार, नाहीतर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा असता, असे सर्वांनीच गृहीत धरले होते.

हा रेणू नेमका कसा बिघडतो हे १९६० साली नेदरलँड्समधील बॉयकर्स आणि बेरेन्ड्स यांनी दाखवले. अतिनील किरण पडले की शेजारशेजारची दोन थायमिने एकमेकांना रासायनिक बंधाने चिकटतात. या जुळ्यापाशी सर्पिलाला बाक येतो, आणि नक्कल करणारे विकर तिथे अडखळते. मग १९६४ हे वर्ष या विषयात सोन्याचे ठरले. ओक रिज येथे रिचर्ड सेटलो आणि विल्यम कॅरियर यांनी दोन प्रकारचे ई. कोलाय जिवाणू घेतले. एक अतिनील किरणांना दाद न देणारा, तर दुसरा, जो रूथ हिल यांनी १९५८ मध्ये शोधला होता, चटकन मरणारा. दोघांवर सारखेच किरण सोडून त्यांना अंधारात ठेवले. काही वेळाने पहिल्याच्या डीएनएतली थायमिनची जुळी नाहीशी होऊ लागली आणि पेशीत छोट्याछोट्या तुकड्यांच्या रूपाने सापडू लागली. दुसऱ्याच्या डीएनएत ती होती तिथेच राहिली. येल विद्यापीठात बॉइस आणि हॉवर्ड-फ्लँडर्स यांनाही हेच दिसले. स्टॅनफर्डला पेटिजॉन आणि हॅनवॉल्ट यांना कापलेल्या जागी नवे ठिगळ लावले जात असल्याचे आढळले. बिघडलेला तुकडा कापून टाकायचा, समोरच्या धडधाकट धाग्यावरून पाहून तेवढाच नवा तुकडा विणायचा आणि टाका घालायचा. रफू करणाऱ्या कारागिराची पद्धत हीच. प्रकाशाच्या मदतीने जुळी सोडवणारे केल्नर यांचे विकर माणसात नाही. ही कापून-जोडण्याची पद्धत मात्र आहे, आणि माणसात दर खेपेला सुमारे तीस अक्षरांचा तुकडा कापला जातो.

उन्हाला भिणारी मुले

१८७०च्या दशकात व्हिएन्नातील त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा आणि कापोसी यांनी एका विचित्र आजाराचे वर्णन केले होते. रुग्णांची कातडी कोरडी, पातळ आणि ठिपक्या-ठिपक्यांची होती. आजाराला झीरोडर्मा पिगमेंटोसम असे नाव मिळाले; अर्थ एवढाच, की ‘कोरडी, रंगलेली कातडी’. अशा मुलांना साधे ऊनही सोसत नाही. त्यांपैकी अनेकांची कातडी थोड्याशा उन्हानेही भाजते, दोन वर्षांची होण्यापूर्वीच चेहऱ्यावर दाट ठिपके उमटतात, डोळ्यांना प्रकाश सहन होत नाही; आणि ज्या वयात आपण मुलांना पाढे शिकवतो त्या वयात त्वचेचे कर्करोग सुरू होतात. वयाच्या विशीच्या आत असा कर्करोग होण्याचा धोका त्यांना इतरांच्या हजारो पट असतो. आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतो. युरोप-अमेरिकेत तो दहा लाखांत एकाला आढळतो, जपानमध्ये सुमारे बावीस हजारांत एकाला. (अशी लक्षणे असलेले मूल वर्गात आढळले, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून न देता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. ऊन टाळले, अंग झाकले आणि नियमित तपासणी केली तर या मुलांच्या आयुष्यात फार मोठा फरक पडतो.)

जवळजवळ शंभर वर्षे हा आजार त्वचारोगाच्या ग्रंथातच पडून होता. मूळचे ब्रिटिश असलेले जेम्स क्लीव्हर १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट पेंटर यांच्याबरोबर काम करू लागले. पेंटर आणि रासमुसेन यांनी १९६४ मध्ये माणसाच्या पेशीही अतिनील किरणांनंतर अवेळी थोडे डीएनए बनवतात असे दाखवले होते. ही दुरुस्तीच असावी असा अंदाज होता. पण खात्री करायची तर जिवाणूंप्रमाणेच दुरुस्ती न जमणाऱ्या मानवी पेशी हव्या होत्या, आणि अशी उत्परिवर्तने माणसाच्या पेशींत मुद्दाम घडवून आणणे त्या काळी फार अवघड होते. तेवढ्यात क्लीव्हर यांच्या वाचनात स्थानिक वर्तमानपत्रातला एक मजकूर आला. तो होता झीरोडर्माविषयी. ज्या पेशी आपण प्रयोगशाळेत बनवू पाहतो आहोत त्या निसर्गाने आधीच बनवून ठेवल्या असतील काय, असा विचार त्यांच्या मनात आला.

त्यांनी रुग्णांच्या त्वचेचे छोटे नमुने मिळवले आणि पेशी वाढवल्या. प्रयोग विद्यार्थ्यांना समजावता येईल इतका सोपा आहे. पेशींवर अतिनील किरण सोडायचे आणि त्यांना किरणोत्सारी थायमिडिन पुरवायचे. विभाजनाची तयारी नसताना जर पेशीने ते डीएनएत वापरले, तर ती ठिगळे लावत आहे असे समजायचे. निरोगी माणसाच्या पेशींनी थायमिडिन वापरले. झीरोडर्माच्या पेशींनी जवळजवळ वापरलेच नाही. १९६८ साली ‘नेचर’ नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी सेटलो आणि सहकाऱ्यांनी याच रुग्णांच्या पेशींत थायमिनची जुळी कापली जात नाहीत हेही दाखवले.

आमच्या मते कर्करोगाच्या इतिहासातला हा एक कळीचा क्षण आहे, आणि त्याची जेवढी दखल घेतली जायला हवी तेवढी घेतली जात नाही. तोवर ‘किरणांनी डीएनए बिघडतो’ आणि ‘किरणांनी कर्करोग होतो’ अशी दोन वाक्ये शेजारी उभी होती. पहिल्यामुळे दुसरे घडते असे कोणीही खात्रीने म्हणू शकत नव्हते. इथे ऊन सर्वांवर सारखेच पडत होते, बिघाडही सर्वांत सारखाच होत होता. फरक होता तो फक्त दुरुस्तीत. आणि ती नसली की कर्करोग येत होता.

डाग वेगळा, चूक वेगळी

गोष्ट इथे संपली असती तर नीटनेटकी झाली असती. पण लगेचच दोन अडचणी निघाल्या.

पहिली अशी, की झीरोडर्माची सगळी लक्षणे असलेल्या काही रुग्णांच्या पेशी कापून-जोडण्याचे काम अगदी व्यवस्थित करत होत्या. १९७०च्या सुरुवातीला हे लक्षात आले. दुसरी अडचण नेमकी उलटी होती. लंडनचे डॉक्टर एडवर्ड कॉकेन यांनी १९३६ साली वर्णन केलेल्या एका आजारात मुले खुरटी राहतात, अकाली म्हातारी दिसू लागतात आणि उन्हाला अतिशय संवेदनशील असतात. त्यांच्या पेशींतही डीएनए-दुरुस्तीचा एक भाग बिघडलेला असतो. पण त्यांना त्वचेचा कर्करोग होत नाही. दुरुस्ती ठीक असून कर्करोग, आणि दुरुस्ती बिघडूनही कर्करोग नाही! हे कोडे सोडवायचे तर बिघाड आणि उत्परिवर्तन यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. वर्गातही या दोन शब्दांची हमखास गल्लत होते.

जुन्या काळी पोथ्यांची नक्कल हाताने होत असे. समजा, पोथीच्या एका पानावर तेलाचा थेंब पडून एक अक्षर पुसट झाले. हा डाग. डाग दिसतो, म्हणून तो काढता येतो. दुसऱ्या प्रतीत पाहून अक्षर पुन्हा ठसठशीत करता येते. पण दुरुस्तीपूर्वीच लेखनिकाने नक्कल केली आणि पुसट अक्षराच्या जागी अंदाजाने भलतेच अक्षर लिहिले, तर नव्या प्रतीत डाग नसतो. तिथे स्वच्छ, वळणदार, पण चुकीचे अक्षर असते. ही झाली चूक. आता ती कोणी ओळखणार नाही, आणि पुढच्या प्रत्येक प्रतीत ती तशीच उतरेल. थायमिनचे जुळे हा डाग. उत्परिवर्तन ही चूक. कर्करोग डागामुळे होत नाही, नक्कल झालेल्या चुकीमुळे होतो. म्हणूनच ज्या पेशी सतत विभागतात तिथे तो अधिक.

पहिल्या अडचणीचे उत्तर १९९९ साली मिळाले. पेशीत डागावरूनही बरोबर अक्षर लिहिणारा एक खास लेखनिक असतो, डीएनए पॉलिमरेझ ईटा नावाचा. थायमिनच्या जुळ्यासमोर तो बहुधा योग्य तेच अॅडेनिन बसवतो. त्या वेगळ्या रुग्णांत हेच विकर सदोष असते, आणि मग त्याच्या जागी काम करणारे इतर लेखनिक चुका करतात. दुसऱ्या अडचणीचे स्पष्टीकरण असे, की कॉकेनच्या आजारात मुख्यतः वापरात असलेल्या जनुकांची दुरुस्ती अडते. अशा पेशी चुका घेऊन वाढण्याऐवजी मरून जातात, आणि मेलेली पेशी गाठ करत नाही. शरीर झिजते, पण कर्करोग होत नाही.

याच सुमारास उत्परिवर्तनवाद्यांची जुनी अडचणही सुटली होती. विस्कॉन्सिनच्या जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या दांपत्याने दाखवून दिले, की अनेक कर्करोगकारक पदार्थ मुळात निरुपद्रवी असतात. आपले यकृत त्यांना शरीराबाहेर टाकण्यासाठी बदलते आणि त्या खटपटीत ते डीएनएला चिकटणारे होतात. जिवाणूला यकृत नाही, म्हणून प्रयोगात काही दिसत नसे. ब्रूस एम्स यांनी १९७३ मध्ये जिवाणूंच्या चाचणीत उंदराच्या यकृताचा अर्क मिसळला आणि चित्र पालटले. १९७५ मध्ये तपासलेल्या कर्करोगकारकांपैकी सुमारे ९० टक्के पदार्थ उत्परिवर्तकही निघाले. पुढे जास्त पदार्थ तपासल्यावर हे प्रमाण खाली आले. सगळेच कर्करोगकारक डीएनए बिघडवतात असे नाही. तरी मुख्य दिशा ठरून गेली.

चुका आता प्रत्यक्ष वाचताही येऊ लागल्या. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगातील एका पेशीवंशात रास नावाच्या जनुकातले केवळ एक अक्षर बदललेले आढळले. पी-५३ हे जनुक बिघडलेल्या पेशीचे विभाजन थांबवून दुरुस्तीला सवड देते. तेच अनेक कर्करोगांत मोडलेले असते. १९९१ मध्ये डग्लस ब्रॅश यांच्या गटाला त्वचेच्या कर्करोगात या जनुकावर अतिनील किरणांची खास खूण सापडली, शेजारशेजारच्या दोन सायटोसिनांच्या जागी दोन थायमिने. त्याच वर्षी यकृताच्या कर्करोगात एका ठरावीक जागी वारंवार बदल दिसला. तो ज्या भागांतल्या रुग्णांत दिसला तिथल्या अन्नात अफ्लाटॉक्सिन असते. भुईमुगाच्या शेंगांवर, मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे हे विष. १९९६ मध्ये बेन्झोपायरीन पी-५३ जनुकाला नेमके कुठे चिकटते ते तपासले, तर फुप्फुसाच्या कर्करोगात वारंवार बदललेल्या आढळणाऱ्या त्याच जागा निघाल्या. पॉट यांच्या काजळीपासून इथवर यायला दोनशे एकवीस वर्षे लागली. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यावर तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखूशी असलेला संबंध अभ्यासायला घेतला, तेव्हा यातले काहीच ज्ञात नव्हते. चुना लावून गालात धरलेल्या तंबाखूतली नायट्रोसअमाइने याच पद्धतीने डीएनएला चिकटतात हे नंतर कळले.

बाहेरचे कारण नसले तर?

ऊन नाही, धूर नाही, किरण नाहीत, तर डीएनए सुरक्षित असतो काय? स्वीडनचे टॉमस लिंडाल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रश्न शांतपणे तपासला. त्यांचे उत्तर धक्का देणारे होते. शरीराच्या ३७ अंश तापमानाला, नुसत्या पाण्याच्या सान्निध्याने, माणसाच्या प्रत्येक पेशीतील डीएनएवरून रोज सुमारे दहा हजार प्युरीन बेस गळून पडतात. शंभर ते पाचशे सायटोसिने दररोज युरॅसिल बनतात. त्या भक्कम मानलेल्या रेणूची ही अवस्था! तो टिकतो तो स्वतःच्या बळावर नव्हे, अखंड चाललेल्या डागडुजीमुळे. असे युरॅसिल हुडकून काढणारे विकरही लिंडाल यांनी १९७४ मध्ये शोधले. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना, रुपर्ट यांचे शिष्य अझीझ सांजार यांना आणि पॉल मॉड्रिच यांना विभागून मिळाले.

मॉड्रिच यांचा विषय आणखी निराळा. नक्कल करताना लेखनिक डाग नसतानाही चुकतो. ती चूक ताबडतोब तपासून सुधारणारे विकरसमूह पेशीत असतात. हे काम जिवाणूंमधले, म्हणून डॉक्टरांना त्यात रस नव्हता. पण मिशिगनमध्ये आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाने फार पूर्वी एका कुटुंबाची नोंद करून ठेवली होती. १८९५ मध्ये त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांना सांगितले, की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात. मीही तशीच जाईन. पुढे झालेही तसेच. वॉर्थिन यांनी १९१३ साली ती वंशावळ छापली, आणि १९६०च्या दशकात हेन्री लिंच यांनी तो धागा पुन्हा उचलला. हे आनुवंशिक आहे यावर बहुतेकांचा विश्वासच नव्हता. १९९३ साली यीस्टवर काम करणाऱ्यांच्या ध्यानात आले, की नक्कल तपासणारी यंत्रणा मोडली तर डीएनएत जी विशिष्ट अस्थिरता येते तीच या कुटुंबांतल्या गाठींत दिसते. त्याच वर्षी जनुकही सापडले. जिवाणूंतल्या चूक-सुधारक जनुकाचेच ते मानवी रूप होते. वॉर्थिन यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या कुटुंबातही नंतर याच जनुकातील दोष सापडला, आणि कोणाला वेळोवेळी तपासणी हवी व कोणाला नको हे सांगता येऊ लागले.

स्तन आणि बीजांडकोश यांच्या कर्करोगाशी जोडलेली बीआरसीए-१ (१९९४) आणि बीआरसीए-२ (१९९५) ही जनुकेही दुरुस्तीचीच निघाली. डीएनएचे दोन्ही धागे तुटले, तर ते बिनचूक जोडण्याचे काम ती करतात. ज्यांना त्यातली एक प्रत सदोष मिळालेली असते, त्यांच्या शरीरातील एखाद्या पेशीत दुसरीही बिघडते आणि गाठ सुरू होते. पण याचाच अर्थ असा, की त्या गाठीतल्या पेशी दुरुस्तीच्या बाबतीत लंगड्या असतात आणि उरलेल्या पायावर सारा भार टाकतात. तो पायही काढून घेतला तर? २००५ साली दोन गटांनी पार्प नावाचे दुसरे दुरुस्ती-विकर रोखून पाहिले. बीआरसीए नसलेल्या पेशी मेल्या, निरोगी पेशींना फारसा धक्का लागला नाही. यातूनच ओलापरिब हे औषध तयार झाले. २०१४ पासून ते बीजांडकोशाच्या कर्करोगावर वापरले जाऊ लागले.

काही रुग्णांत हे औषध काही काळानंतर लागू पडेनासे होते. २००८ साली दोन प्रयोगशाळांनी अशा न दबणाऱ्या पेशींचा डीएनए वाचून पाहिला. त्यांच्या बीआरसीए-२ जनुकात जुन्या चुकीशेजारी आणखी एक नवी चूक झाली होती, आणि तिच्यामुळे बिघडलेले वाचन पुन्हा सुरळीत झाले होते. गाठीतल्या पेशींना त्यांची दुरुस्तीची यंत्रणा परत मिळाली होती.